केलेब लव्हला घालवू नका : ट्रँगलमधल्या मराठी कॅरोलायनाप्रेमींना खुले पत्र

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
१५ मार्च २०२३

कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स, डरहॅम आणि चॅपल हिलमधल्या सर्व कॅरोलायनाप्रेमी मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

उद्या दुपारपासून एनसीएए स्पर्धेची, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेची, पहिली फेरी सुरू होते आहे आणि ६८ संघांच्या यादीत आपलं, म्हणजे चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं, नाव नाही. हंगामाच्या आधी ज्या संघाला देशात पहिला क्रमांक दिला होता, तो संघ २० विजय आणि १३ पराभवांवर घरी बसला. १९८५ साली स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून असं कुठल्याच पहिल्या क्रमांकाच्या संघाच्या वाट्याला आलेलं नव्हतं. एनआयटी या दुय्यम स्पर्धेला जायलाही आपण नकार दिला. तुम्हा सगळ्यांइतकंच मलाही ते लागलं आहे. गेल्या गुरुवारी व्हर्जिनियाने ६८-५९ ने हरवल्यावर आमच्या घरात कुणी फारसं बोललंच नाही.

पण मी लिहायला बसलो ते हरल्याच्या दुःखामुळे नाही. सोमवारी ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, उघडलं. ११ मेपर्यंत ते उघडं आहे. आणि तेव्हापासून आपल्या मराठी ग्रुपांवर एकच विषय चालू आहे : दोन नंबरच्या जर्सीतला आपला गार्ड केलेब लव्ह जाणार का, आणि जात नसेल तर त्याला घालवायचं कसं. ‘दोन नंबरला पोर्टलचा रस्ता दाखवा’, ‘त्याने एकट्याने हंगाम बुडवला’, ‘तो गेला की संघ सुधारेल’. हे लिहिणारी माणसं मला माहीत आहेत. यातल्या कित्येकांनी गेल्या वर्षी त्याच मुलाच्या फोटोखाली हात जोडल्याचे इमोजी टाकले होते. म्हणून हे पत्र. मला वाटतं केलेबने राहावं, कॅरोलायनाने त्याला ठेवावं, आणि आपण चाहत्यांनी त्याला राहावंसं वाटेल असं वागावं. का, ते नीट सांगतो.

आधी मुलगा कोण आहे ते. सेंट लुईसचा, २००१ चा जन्म, म्हणजे आज एकवीस वर्षांचा. २०२० साली मॅकडॉनल्ड्स ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक शालेय खेळाडूंपैकी एक, म्हणून चॅपल हिलला आला. तो ऑगस्ट आठवतो ना? वर्ग सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला आणि कोविडमुळे विद्यापीठाने पदवीचे सगळे वर्ग ऑनलाइन नेले. आपल्यातल्या ज्यांची मुलं तेव्हा फ्रेशमन होती, त्यांनी डॉर्ममधलं सामान परत गाडीत भरून आणलं होतं. खेळाडू तिथेच राहिले. एकवीस हजारांच्यावर माणसं बसणारं आपलं डीन डोम स्टेडियम रिकामं, रोज चाचण्या, सराव कधी होईल कधी रद्द होईल याचा भरवसा नाही. अशा वर्षात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात कॅरोलायनाचा चेंडू दिला गेला. त्या हंगामात त्याचे शॉट ३१.६ टक्के पडले, थ्री (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) तर २६-२७ टक्केच. आकडा वाईट आहे, त्यात वाद नाही. पण त्याच हंगामात कॅमरूनमध्ये, म्हणजे आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, ड्यूक विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये, जाऊन त्याने ड्यूकवर २५ गुण केले आणि आपण ९१-८७ जिंकलो. हंगाम संपल्यावर कोच रॉय विल्यम्स निवृत्त झाले. ज्या कोचच्या शब्दावर मुलगा आला, तो कोच वर्षभरात गेला. तेव्हाही पोर्टल होतं, आणि वर्षभर बाहेर न बसता एकदा संघ बदलायची मुभा त्याच वसंतात मिळाली. केलेब राहिला.

पुढचं वर्ष तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तरी एक प्रसंग लिहितोच.

२ एप्रिल २०२२. भारतातल्या कॅलेंडरप्रमाणे त्या दिवशी गुढीपाडवा होता, आणि इथे शनिवार. संध्याकाळी कॅरीतल्या एका मित्राकडे आम्ही पाच-सहा कुटुंबं जमलो होतो. श्रीखंड-पुरी झाली, ताटं आवरली आणि मग न्यू ऑर्लिन्सचा सामना लागला. ड्यूक आणि कॅरोलायना एनसीएए स्पर्धेत समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ. ड्यूकचे कोच के यांचा शेवटचा हंगाम. घरात ड्यूकचे दोघं होते, एनसी स्टेट विद्यापीठातून शिकलेले पुष्कळ होते, आणि साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या एक आजी होत्या. त्यांना बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पण उत्तरार्धात त्यांनी दोनदा विचारलं, ‘तो दोन नंबरचा कुठाय?’ चेंडू कुणाच्या हातात असला की खोलीतली माणसं पुढे सरकून बसतात, हे त्यांनी बघून ओळखलं होतं.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात आपण ७५-७४ ने पुढे. समोर मार्क विल्यम्स, सात फुटांचा माणूस, हात वर करून. केलेबने एक-दोन ड्रिबल घेतले आणि त्या हातावरून थ्री सोडला. ७८-७४. पंचवीसेक सेकंद उरले होते. त्या सामन्यात त्याचे २८ गुण. त्याआधी फिलाडेल्फियात यूसीएलएविरुद्ध ३०, त्यातले २७ उत्तरार्धात. आठव्या मानांकनाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला तो संपूर्ण संघ खेळला म्हणून, हे खरंच आहे. बेलरविरुद्ध आपला दुसरा गार्ड आर. जे. डेव्हिस याने ३० केले नसते तर आपण दुसऱ्या फेरीतच थांबलो असतो. पण यूसीएलए आणि ड्यूक हे दोन सामने केलेबशिवाय आपण जिंकतच नाही.

आणि त्यानंतर दोन दिवसांनी कॅन्सस. पूर्वार्धात ४०-२५ ची आघाडी, शेवटी ७२-६९ ने हार. केलेबचे २४ पैकी ५ शॉट पडले. कॅन्ससच्या हॅरिसचा पाय रेषेबाहेर गेला, ४.३ सेकंद उरले, आणि शेवटचा थ्रीही केलेबनेच घेतला. चुकला. इथे मला एक गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे. अठरा शॉट चुकलेले असताना, सगळा देश बघत असताना, एकोणिसावाही चुकू शकेल हे माहीत असूनही चेंडू मागणं सोपं नसतं. मी पुण्यात कॉलेजच्या संघात गार्ड म्हणून खेळलो आहे, फार वरच्या पातळीवर नाही. दोन-तीन शॉट चुकले की हात आखडतो. कोपऱ्यात जाऊन उभं राहावंसं वाटतं, चेंडू दुसऱ्याकडे जावा असं वाटतं. संघात बारा-तेरा पोरं असतात आणि त्या क्षणी चेंडू खरोखर हवा असणारी एखाद-दोनच. कोच कितीही चांगला असला तरी ही गोष्ट शिकवता येत नाही. बाकीचं पुष्कळ शिकवता येतं.

आता यंदाचा हंगाम. टीका करणाऱ्यांचं म्हणणं मी टाळणार नाही, कारण त्यातलं बरंचसं बरोबर आहे.

गुण सरासरी १६.७, संघात सर्वांत जास्त. पण थ्रीची टक्केवारी गेल्या वर्षीच्या ३६ वरून ३० च्या खाली आली. असिस्ट तीनच्याही खाली. शॉट क्लॉकवर (शॉट मारायला मिळणारा वेळ मोजणाऱ्या घड्याळावर) वीस सेकंद बाकी असताना, कुणी पासही दिलेला नसताना, ड्रिबल करता करता मारलेले थ्री आपण सगळ्यांनी पाहिले. बास्केटखाली आपला सेंटर आर्मांडो बेकॉट हात वर करून उभा आणि चेंडू त्याच्यापर्यंत येतच नाही, हेही पाहिलं. पोर्टलंडला अलाबामाविरुद्ध चार ओव्हरटाइम झाले, १०३-१०१ ने हरलो. केलेबचे ३४ गुण, कारकिर्दीतले सर्वाधिक. पण त्यासाठी तिसाच्या वर शॉट लागले. बचावात चेंडूपासून लांब असताना त्याचं लक्ष सुटतं, तेही खरं.

पण ‘त्याने हंगाम बुडवला’ म्हणायचं तर हिशोब मांडायला हवा. कॅरोलायना म्हणजे आपले जुने थोर कोच डीन स्मिथ यांचं घर. बाकीचे कोच सामन्यात किती गुण झाले ते मोजायचे, तेव्हा हा माणूस चेंडू हातात आल्यावर दर खेपेला किती गुण निघतात ते मोजत होता. म्हणून तसंच मोजू. केलेब सामन्याला सातेक थ्री घेतो. ३६ आणि ३० टक्क्यांमधला फरक म्हणजे सात शॉटमागे ०.४२ शॉट, म्हणजे सामन्याला सव्वा गुण. ड्यूककडून आपण एकदा सहा गुणांनी हरलो आणि एकदा पाच गुणांनी. आयोवा स्टेटकडून पाचाने. सव्वा गुणाने यातला एकही सामना फिरत नाही. सरासरी म्हणजे सगळं चित्र नाही, हे मान्य. एखाद्या रात्री दहापैकी एक पडतो आणि त्या रात्री तो फरक मोठा असतो. शिवाय लांबून चुकलेला शॉट लांब उसळतो आणि समोरच्याला धावायची संधी देतो. तेही धरा. तरी पहिल्या क्रमांकावरून थेट स्पर्धेबाहेर जाण्याइतकी पडझड एका गार्डच्या खात्यावर टाकता येत नाही.

मग ती कुठून आली? माझ्या मते मुख्य कारण म्हणजे ब्रेडी मॅनेक गेला. ओक्लाहोमाहून एका वर्षासाठी आलेला, सहा फूट नऊ इंचांचा, थ्री चाळीस टक्क्यांच्या आसपास पाडणारा. तो बाहेर उभा राहिला की समोरच्या उंच माणसाला त्याच्याबरोबर बाहेर यावंच लागायचं. मध्ये जागा व्हायची आणि त्या जागेतून केलेब आणि आर. जे. आत घुसायचे. यंदा त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्नहून पीट नॅन्स आला. ओहायो स्टेटविरुद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्याने शेवटच्या क्षणी मारलेला शॉट मी विसरणार नाही, चांगला खेळाडू आहे. पण मॅनेकसारखी जागा त्याने काही करून दिली नाही. संपूर्ण संघाची थ्रीची टक्केवारी ३१ च्या आसपास. आपल्या लीकी ब्लॅकला तर समोरचे संघ मोकळाच सोडायचे. आत तीन-तीन माणसं गोळा झालेली असताना गार्डने करायचं काय? बेकॉटला पास द्यावा तर त्याच्याभोवती दोघं. आत शिरावं तर तिसरा वाटच बघतोय. क्लॉक संपत आला की चेंडू केलेबकडे, आणि त्यातून जो शॉट निघायचा तो त्याच्या नावावर लागायचा. वाईट शॉटपैकी निम्मे त्याने घाईने निवडलेले होते असं मी धरतो. उरलेले निम्मे त्याच्या गळ्यात पडले.

दुसरं कारण बेंच. पहिले पाच जण सामन्याला तीस-पस्तीस मिनिटं खेळले. गेल्या वर्षी, नॅन्सच्या जागी मॅनेक असताना, पहिल्या पाचांचं आपण ‘आयर्न फाइव्ह’ म्हणून कौतुक केलं. थकलेल्या पायांनी मारलेला थ्री छोटा पडतो, रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. डिसेंबरनंतरचे सामने पुन्हा बघा, किती शॉट पुढच्या कडेला लागलेत. यात केलेबइतकाच वाटा त्याला विश्रांती न देणाऱ्यांचा आहे. आपले कोच ह्युबर्ट डेव्हिस यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे, पण बेंचवरच्या सेथ ट्रिंबलला जानेवारीत जास्त मिनिटं द्यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिषभ पंतचं उदाहरण देतो, कारण आपल्या ग्रुपावर ते सगळ्यांना पटकन समजेल. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला तो ९७ वर मोठा फटका मारायला जाऊन बाद झाला. बेजबाबदार, संघाचा विचार नाही, असं सगळं म्हणून झालं. आठवडाभराने गाबावर त्याच मुलाने नाबाद ८९ करून मालिका जिंकून दिली. दोन्ही डाव एकाच वृत्तीतून आले होते. सिडनीचा पंत काढून टाकला असता तर गाबाचाही गेला असता. न्यू ऑर्लिन्सचा थ्री आणि अलाबामाविरुद्धचे घाईचे शॉट यांचं तसंच आहे. काम आहे ते यातलं घाईचं प्रमाण कमी करायचं.

ते कसं, यावर माझं मत असं. केलेब पॉइंट गार्ड, म्हणजे पास देत संघाचा खेळ चालवणारा, नाही. तीन वर्षं त्याला अर्धवट पॉइंट गार्ड बनवायचा प्रयत्न झाला आणि त्यातून असिस्टही वाढले नाहीत, शॉटही सुधारले नाहीत. चेंडू आर. जे.च्या हातात द्या. त्याची नजर शांत आहे, तो शॉट निवडून घेतो. केलेबला स्क्रीनवरून, म्हणजे सहकाऱ्याने आडवं उभं राहून दिलेल्या आडोशावरून, धावत येऊ द्या, पास झेलून लगेच मारू द्या. झेलून मारलेला थ्री आणि पाच ड्रिबल करून मारलेला थ्री यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे कुठल्याही जिममध्ये अर्धा तास उभं राहिलं तरी दिसतं. पोर्टलमधून मॅनेकसारखा एक उंच शूटर आणा. क्लॉकवर दहा सेकंदांच्या आत आल्यावर मात्र चेंडू केलेबकडेच जाऊ द्या, कारण तेव्हा वाईट शॉटच घ्यायचा असतो आणि वाईट शॉट पाडणारा त्याच्यासारखा दुसरा आपल्याकडे नाही. बेकॉटने आणखी एक वर्ष राहायचं ठरवलं तर या तिघांभोवती संघ उभा राहतो. कोविडच्या वर्षामुळे केलेबकडे अजून दोन हंगाम शिल्लक आहेत. ऑल-अमेरिकन म्हणून आलेला, तीन वर्षांत शंभराहून जास्त सामने खेळलेला, फायनल फोरमधून गेलेला गार्ड पोर्टलमध्ये शोधायला गेलात तर किती सापडतील? आपण तो दुसऱ्याला फुकट देऊन टाकायला निघालो आहोत.

‘सिमियन विल्चर येतोय की’, असं कुणीतरी परवा लिहिलं. येऊ दे, आनंदच आहे. पण विल्चर पहिल्या वर्षाचा मुलगा असेल. केलेबचं पहिलं वर्ष कसं गेलं ते वर लिहिलंच आहे. आपलाच जुना गार्ड जोएल बेरी पहिल्या वर्षी बेंचवरून यायचा. तिसऱ्या वर्षी, दोन्ही घोटे दुखत असताना, त्याने गोन्झागाविरुद्ध २२ गुण करून २०१७ चं विजेतेपद आणलं आणि फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि खुद्द आपले कोच? ह्युबर्ट डेव्हिस शाळेत असताना डीन स्मिथांना वाटत होतं की हा मुलगा कॅरोलायनात खेळण्याइतका चांगला नाही. तरी त्यांनी शिष्यवृत्ती दिली. पहिल्या वर्षी सामन्याला तीन-चार गुण. चौथ्या वर्षी २१.४, आणि १९९२ मध्ये एनबीएच्या निक्स संघाने विसाव्या क्रमांकावर निवडला. डीन डोममध्ये ज्या गार्डांच्या नावाने आपण आज टाळ्या वाजवतो, त्यातल्या बहुतेकांना वर्षं मिळाली होती. विल्चरलाही ती लागतील. केलेबची तीन वर्षं तर आपण मोजून बसलो आहोत, फळ खायची वेळ आली आणि झाड तोडा म्हणतो आहोत.

आता थोडं पैशाबद्दल, कारण तो मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे मिळवता येतात. ‘पैसे घेतो, मग बोलणी खायला नकोत का’, असा सूर आहे. त्याच्या खेळावर बोला, मीही बोललो आहे. पण ज्या जर्सींवर, ज्या तिकिटांवर, टीव्हीच्या ज्या करारांवर ही सगळी व्यवस्था पन्नास वर्षं चालली, त्यातला दमडाही खेळाडूंना मिळत नव्हता. आत्ता कुठे त्यांच्या घामाचं थोडं त्यांच्या हातात पडायला लागलं. आपल्यातले निम्मे लोक दर दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलतात, पगार वाढवून घेतात आणि त्याबद्दल कुणी त्यांना बेइमान म्हणत नाही. एकवीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत वेगळा न्याय कशाला? उलट हे बघा : गेल्या एप्रिलमध्ये ड्यूकवरचा तो थ्री ताजा असताना, त्याचा भाव सर्वांत चढा असताना, एनबीएच्या ड्राफ्टला नाव देण्याऐवजी तो परत आला. कॅन्ससविरुद्धचा अपुरा राहिलेला सामना पुरा करायला आला. तेव्हा आपण सगळे नाचलो. त्या निर्णयाची किंमत त्याने यंदा भरली आहे. त्याचा भाव उतरला, आणि वरून आपण त्याला बोल लावतो आहोत.

२५ फेब्रुवारीला व्हर्जिनियाविरुद्धच्या घरच्या सामन्याला मी आणि मुलगी वरच्या मजल्यावर बसलो होतो. तो सामना आपण जिंकला, ७१-६३. तरीही केलेबच्या हातात चेंडू आला की आमच्या मागच्या रांगेतून ‘नको, नको, मारू नकोस’ असा आवाज यायचा. शॉट सुटायच्या आधीच. चुकला की आख्ख्या कोपऱ्यातून हुंकार. पडला की त्याच रांगेतून टाळ्या, पण उशिरा, अर्ध्या मनाने. मुलगी अकरावीत आहे, शाळेच्या संघात खेळते. तिने विचारलं, ‘त्याला हे ऐकू जात असेल का?’ वरच्या मजल्यावरचं कदाचित नाही. पण फोनवरचं जातं. सामना संपला की कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येक मुलाच्या हातात फोन असतो. ज्यांना पैज हरल्याचा राग असतो ते तर त्यांच्या आईबापांपर्यंत पोचतात. आपल्या ग्रुपांवरचं मराठीत असतं म्हणून त्याच्यापर्यंत पोचत नाही, अशी समजूत असेल तर सोडा. आपल्यातल्या किती जणांची मुलं चॅपल हिलला शिकतात? आपण जेवणाच्या टेबलावर बोलतो तेच ती विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये बोलतात, आणि तो स्टँड कोर्टाला लागून आहे.

शेवटी निर्णय त्याचा आणि कोचचा. त्याला स्वतःलाच नवी जागा हवी असेल, वेगळा कोच, वेगळी पद्धत, तर त्याने जावं. तसं झालं तर मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही, आणि तो पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या जर्सीत खेळताना दिसला तर मी त्याचे सामने लावून बघेन. मला नको आहे ते एवढंच की त्याने आपल्यामुळे जावं. कॅरोलायनात शॉट पडला की ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायची पद्धत डीन स्मिथांनी घालून दिली. श्रेय वाटून घ्यायची ही पद्धत आपण अभिमानाने सांगतो. मग हारही वाटून घ्यायला हवी, आणि त्यातला आपला वाटा एका मुलाच्या डोक्यावर टाकून मोकळं होता येणार नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्यांनी गेल्या तीन दिवसांत त्याच्याबद्दल ग्रुपवर घाण लिहिलं आहे त्यांनी ते काढून टाकावं. ज्यांच्याकडे हंगामाची तिकिटं आहेत आणि जे कॅरोलायनाच्या खेळांसाठी निधी जमवणाऱ्या रॅम्स क्लबला देणगी देतात, त्यांनी दोन ओळींची ईमेल पाठवून कळवावं की केलेबने राहावं अशी आमची इच्छा आहे. देणगीदारांचं तिथे ऐकलं जातं, आणि सध्या तिथे फक्त चिडलेल्यांच्याच ईमेल पोचत असणार. ज्यांची मुलं तिथे शिकतात त्यांनी मुलांशी बोलावं. येत्या बुधवारी पाडवा आहे, त्या शनिवार-रविवारी आपण भेटूच. त्याच दिवसांत स्पर्धेचे पुढचे सामने असतील, टीव्ही लागेल आणि हा विषय निघेल. माझ्याशी वाद घालायचा असेल तर तिथे जरूर घाला, बेकॉटला पास का मिळत नाही यावर मी तासभर बोलायला तयार आहे. त्याआधी यूसीएलएविरुद्धचा उत्तरार्ध एकदा पुन्हा बघून या.

आपला,
कॅरोलायनाचा एक जुना चाहता